रिकाम्या तक्त्याची रुंदी

पटवर्धन बागेत, रिसबूड बाईंच्या टेबलावर
लिंबाएवढा एक गोळा असतो, कागद उडू नयेत म्हणून.
अंगभर कोरीव खुणा: काठी खोचलेलं वर्तुळ,
पाय फुटलेला त्रिकोण, उलटा पडलेला अर्धचंद्र.
"शिवाजीनगरच्या कचेरीत हा टाइपरायटरमध्ये गरगरायचा," त्या म्हणतात,
"आणि माझ्या एका ओळीतून
चाळीस हजार विमेदारांचं सरेंडर मूल्य कागदावर उतरायचं."

ती ओळ मला नव्या भाषेत आणायची आहे.
बाणेरच्या कंपनीला शुक्रवारी हवी.
नव्या भाषेत वर्तुळं नाहीत, त्रिकोण नाहीत,
कळफलकावर सापडेल तेवढंच:
टिंब, विसर्ग, तिरकी रेघ.

सोमवारी वजाबाकीत आपटले.
पाच वजा तीन वजा दोन.
बाईंची भाषा उजवीकडून येते:
तीनातून दोन गेले, एक.
पाचातून तो एक गेला, चार.
माझी डावीकडून निघते आणि शून्यावर पोचते.
"उजवीकडून कोण वाचतं, बाई?"
"तू. पंचवीस म्हण."
पंच. वीस.
लिहिताना दोन आधी, बोलताना पाच.
"आता एकोणतीस.
त्यात तर अख्खी वजाबाकी आहे, तीही उलटी टांगलेली.
एक उणा. कशातून, ते मागाहून."
मग त्यांनी दिडकी म्हणून दाखवली,
नुसत्या किमती, मध्ये स्वल्पविराम नाही:
दीड तीन साडेचार सहा साडेसात
मला पावकीसुद्धा येत नाही हे मी सांगितलं नाही.
कळलं असणार.

मंगळवार मोजण्यात गेला.
त्यांच्याकडे पहिला म्हणजे एक, माझ्याकडे शून्य.
"म्हणजे तळमजला," बाई म्हणाल्या
आणि चहा ठेवायला उठल्या.

गुरुवारी रात्री साडेदहाला आकडे जुळले,
चाळीस हजार, पैशापर्यंत.
आणि मग एका जुन्या योजनेवर सगळं कोसळलं.
त्या योजनेत कोणीच उरलं नव्हतं.
बाईंची ओळ तिथे शांतपणे सांगत होती:
शून्य ओळी, तीन रकाने.
माझी सांगत होती: रिकामं.
कशाचं रिकामं, ते तिला आठवत नव्हतं.

नळस्टॉपवरून फोन लावला. सिग्नलचे हॉर्न, मागे पोळ्यांचा वास.
"डबा रिकामा होऊन घरी आला," बाई म्हणाल्या,
"तरी पुडं तीनच ना?
भाजी संपली म्हणून पूड टाकून देतेस का तू?"
थोडं थांबून:
"त्या योजनेतले शेवटचे मुनिस्वामी. खडकीच्या कारखान्यातले.
त्यांचा दावा मी हाताने तपासला होता.
वय, हप्ता, उरलेली वर्षं. हे तीन रकाने.
मुनिस्वामी गेले. रकाने कुठे जातील?"

माझ्या भाषेत तक्ता नसतोच.
याद्यांची यादी असते,
आणि एकही यादी नसली की रुंदी विचारायला कोणी उरत नाही.
म्हणून मी तो तीन वेगळा घेतला,
प्रत्येक फंक्शनच्या हातात ठेवला, पुढच्याला दे म्हणून,
लग्नात अक्षता पुढे सरकवतात तसा.
एका ओळीच्या चार झाल्या.
वर मराठीत टीप लिहिली,
बाणेरला कोणी वाचणार नाही अशी:
तक्ता रिकामा असला तरी त्याची रूंदी जपावी.

शनिवारी छापील कागद बाईंकडे नेला.
चष्मा कपाळावरून खाली आला.
उजवीकडून डावीकडे बोट फिरलं,
थांबलं, मग माझ्या भाषेच्या रिवाजाने
डावीकडून पुन्हा एकदा.
"लांब झालंय."
हो.
"चालेल."
पेन्सिल उचलली, चारही ओळी सोडून दिल्या,
वरच्या टिपेतल्या रूंदीचा रू
ऱ्हस्व केला
आणि कागदावर गोळा ठेवला.